कुलूपबंद पत्ता

कल्पना करा, तुम्ही याच घरात राहता हे पोलिसाला पटवून द्यायचंय आणि दाराला कुलूप आहे.

नांदूरघाटची सत्यशीला विद्यापीठात एमबीए करत होती. तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्रानं तिला सिंगापूरच्या अभ्यासदौऱ्यासाठी निवडलं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस तिच्या गावच्या घरी गेला, तेव्हा शेजारच्या बायनाबाई हसून म्हणाल्या, "हितं आता कुलूपच राहतंय, सायेब. मायबाप कर्नाटकात ऊस तोडाया गेलेत, पोरगी शिकाया."

'इथं राहत नाही' असा अहवाल गेला. पासपोर्ट अडकला, दौरा तिच्याविना गेला.

उसाच्या फडातून आईनं फोनवर विचारलं, "आमी औंदा घरीच थांबलो असतो तर गं?"

सत्यशीलेला त्या पोलिसाला अजून एकच विचारायचंय. ऊस संपल्यावर सगळे जिथं परततात, ते घर त्यांचं नाही, तर कुणाचं?