वैशालीताईचा पाय आणि आखाजीचा झोका

शुगर तपासायच्या पट्ट्या वापरल्या की आम्ही फेकून देतो. किस्से मात्र कोणी फेकत नाही! धुळ्यात डायबेटिसच्या क्लिनिकमध्ये मी पेशंटना आहार समजावते, आणि जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की कोणीतरी म्हणतंच, "ती वैशालीताईची गंमत सांगा ना!"

वैशालीताई पस्तिशीची, शिवणकाम करणारी. लहान वयातच म्हातारपण येण्याचा फार विरळा आजार तिला आहे. विशीत केस पांढरे, तिशीत मोतीबिंदूचं ऑपरेशन, काटकुळे हातपाय, बारीक आवाज आणि सोबत महाहट्टी डायबेटिस. जिभेला मात्र म्हातारपण शिवलेलं नाही.

*

पहिल्यांदा ती आईबरोबर आली. आईचे केस रंगवलेले, काळेभोर. रिसेप्शनवरची मुलगी नवीन. ती आईला म्हणाली, "ताई, आजींना इथे बसवा."

आईचा चेहरा पडला. वैशालीताई आरामात बसली आणि म्हणाली, "आजी बसल्या हो! आता आजीच्या आईलाही एक खुर्ची द्या!"

*

इन्सुलिनचा डोस वाढवला तरी तिची शुगर उतरेना. आमचे ज्युनियर डॉक्टर वैतागले. "इंजेक्शन चुकवत असणार. नाहीतर चोरून जिलेबी!"

"असं? मग आज मी इथेच बसते," ती म्हणाली. दिवसभर बसली. माझ्यासमोर जेवली, माझ्यासमोर इंजेक्शन घेतलं. संध्याकाळी शुगर होती तिथेच!

मोठ्या सरांनी सगळे रिपोर्ट पुन्हा पाहिले. म्हणाले, या आजारात शरीर इन्सुलिनला दादच देत नाही, नुसता डोस वाढवून काय होणार? मग शरीराला इन्सुलिनचं ऐकायला लावणारी गोळी जोडली आणि हळूहळू शुगर उतरली. ज्युनियर डॉक्टर ओशाळून म्हणाले, "सॉरी, ताई."

"मला कशाला सॉरी? जिलेबीला म्हणा! बिचारीवर उगाच आळ आला."

*

महिन्यातून एकदा आम्ही पेशंटना एकत्र बसवतो. तिथे एक सत्तरीचे नाना पथ्याला कंटाळून तिच्याकडे वळले. समवयस्क मिळाली असं वाटलं असावं. आमच्या अहिराणीत म्हणाले, "आते ह्या वयमा कसानं पथ्य, अक्का!"

"कोनतं वय, नाना? मन्ही पोर चौथीमा शे! तिनं लगन लावनं शे माले."

लेक चौथीत, तिचं लग्न अजून लावायचंय, हे ऐकून नानांनी तिला पुन्हा नीट निरखून पाहिलं. आणि जाताना चहावाल्याला बजावलं, "बिनसाखरना दे रे."

*

मग तिच्या टाचेला जखम झाली. अशा पेशंटची जखम भरता भरत नाही. एका ठिकाणी तिला थेट सांगितलं, पाय काढावा लागेल. ती आमच्याकडे आली आणि सरांसमोर ठणकावून म्हणाली, "पाय मन्हा शे. मी देत नही."

त्या दिवशी मी घाबरले होते. सर म्हणाले, "प्रयत्न करू. पण जखम भरेपर्यंत त्या पायावर वजन टाकायचं नाही. एक पाऊलसुद्धा नाही." तिने शब्द पाळला. पायाने चालवायला नको म्हणून शिलाई मशीनला मोटर बसवली, घरात चाकांच्या खुर्चीवरून फिरली. ड्रेसिंगला आली की विचारायची, "भरतेय ना?" जखम भरत होती, पण सावकाश.

तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी जाणार म्हणजे जाणार! झाडाला झोका बांधणार, गाणी म्हणणार. वैशालीताईचं माहेर पिंपळनेर. मी म्हटलं, "या वर्षी राहू द्या ना." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरांना विचारलं, "वजन पडलं नाही तर चालेल ना?"

सर म्हणाले, "जा. पण पायावर वजन पडलं, तर परत माझ्याकडे यायचं नाही!"

मी तिला आमरस किती, इन्सुलिन कधी, सगळं समजावलं. तिने मान डोलावली. भावांनी तिला खुर्चीसकट उचलून गाडीत बसवलं.

आखाजीच्या दुपारी सर पेशंट तपासत होते. त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी आलेला फोटो पाहिला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. कडुलिंबाला बांधलेला उंच झोका. मागे आई, झोका देऊन हात तसेच पुढे राहिलेले. झोक्यावर बसलेली वैशालीताई, पांढरे केस वाऱ्यावर मोकळे, पट्टी बांधलेला पाय आभाळाकडे.

खाली लिहिलं होतं, "सर, वजन तपासून घ्या!"