टोपीवाला मोठा की मशीन

माझे वडील गाड्यांच्या सीटा शिवायचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालायचं. भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात फोमचे तुकडे आणि मधोमध स्टुलावर बाबा, ओठांत बारीक खिळे धरून. तोंडात खिळे असले की माणूस गप्प बसतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही माझ्या वडिलांना पाहिलेलं नाही. क्रिकेटचा विषय निघाला की ते खिळ्यांसकट बोलायचे आणि आई आतून ओरडायची, "गिळाल एखादा!"

विषय काढायला मामा असायचाच. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बसवर ड्रायव्हर. लग्नाच्या भानगडीत तो पडला नाही. ड्यूटी संपली की सरळ आमच्याकडे यायचा आणि चपला काढता काढताच वादाला तोंड फोडायचा. वाद एकच, वनडेमधला सगळ्यात मोठा फलंदाज कोण? बाबांचा होता एक जुना सलामीवीर, हेल्मेटच्या आधीच्या काळातला, म्हणून घरात त्याला टोपीवाला म्हणत. मामाचा हल्लीचा, धावा काढून न दमणारा. तो मशीन. त्यांची खरी नावं मी लिहीत नाही. लिहिली तर तुम्हीही बाह्या सरसावून बसाल, आणि मी या वादाला आधीच कावले आहे.

"भावोजी, स्ट्राइक रेट बघा," मामा म्हणायचा. "तुमचा टोपीवाला साठ ओव्हर टुकूटुकू खेळायचा. लोक डबा खाऊन, झोप काढून उठायचे, तरी हा आपला तिथेच!"

"आणि समोर कोण होतं? डोकं फोडायला टपलेले चौघे फास्ट बॉलर. डोक्यावर काय, तर कापडाची टोपी. तुझ्या मशीनला दोन्ही टोकांकडून नवा चेंडू मिळतो. बाऊंड्रीची दोरी आत ओढलेली, हातात बॅट नाही, ओंडका!"

"मग दोनशे करताना धापा का टाकायचे तुमचे लोक? आता साडेतीनशे मारतात आणि समोरचे गाठतातसुद्धा."

यावर बाबांकडे ठेवणीतलं उत्तर होतं. "तू काथ्याच्या सीटवर बसून बस चालवलीस, आताचे पोरगे फोमवर बसतात. दोघांचे किलोमीटर सारखे धरायचे का?"

"काथ्या तुम्हीच भरायचात ना डेपोच्या सीटांमध्ये? माझी कंबर गेली ती तुमच्यामुळे!"

आई गेल्यावर हा वाद रोजचाच झाला. तिच्याबद्दल दोघांनाही बोलता यायचं नाही, म्हणून ते टोपीवाल्याबद्दल बोलायचे. मला त्याचा राग यायचा. आईचं आजारपण मी पाहिलं होतं. डॉक्टरांनी तिला सगळं स्पष्ट सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिने ताट बाजूला सारलं. अजून काही महिने तरी टिकली असती, पण तिने आधीच हात टेकले.

म्हणून बाबांच्या खोकल्याचे रिपोर्ट आले, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं. डॉक्टरांनी मला आणि मामाला बाहेर पॅसेजमध्ये बोलावून सांगितलं की फार दिवस नाहीत, उन्हाळा संपेपर्यंत धरा. मी मामाचं मनगट पकडलं.

"बाबांना कळता कामा नये. छातीत जुना कफ आहे, एवढंच सांगायचं. आईचं काय झालं आठवतंय ना?"

"मी ड्रायव्हर आहे, पोरी," मामा म्हणाला. त्याचं नाक लाल झालं होतं. "ब्रेक गेला तरी मागच्या माणसांना चेहऱ्यावरून कळू देत नाही."

मी विश्वास ठेवला.

त्याच संध्याकाळी मामा आला, चपला काढल्या आणि न बोलता बसला. बाबा स्कूटरची सीट मांडीवर घेऊन दाभणाने कडेची शिवण घालत होते. मामा गप्प आहे म्हटल्यावर त्यांनीच खोडी काढली. "काय रे ड्रायव्हर, तुझं मशीन काल शून्यावर बंद पडलं म्हणे?"

एरवी मामा उसळून उठला असता. तो बाबांच्या हातांकडे बघत राहिला. हाडं वर आली होती.

"खरंय भावोजी," तो म्हणाला. "तुमचा टोपीवालाच मोठा. तसा पुन्हा होणार नाही."

बाबांचा हात थांबला. त्यांनी ओठांतले खिळे एकेक करून काढले, डबीत ठेवले आणि विचारलं, "डॉक्टरने किती दिवस दिलेत?"

"कसले दिवस? काहीतरीच काय..." मामाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. बाबांना तेवढं पुरलं.

मी मामाला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "एवढं एक तोंड सांभाळता आलं नाही तुला?"

"मी सांगितलं का काही? त्यांना जरा बरं वाटावं म्हणून..." एवढा दांडगा माणूस, भांडी पुसायच्या फडक्यात तोंड लपवून रडायला लागला.

"त्याला आत कोंडू नकोस," बाहेरून बाबांचा आवाज आला. "पाठव इकडे."

आता हेही ताट सारणार, असंच वाटलं. मामा डोळे पुसत त्यांच्यासमोर जाऊन बसला.

"शब्द मागे घे," बाबा म्हणाले.

"भावोजी..."

"मागे घे म्हणतो ना. कीव करून सोडलेली मॅच मला नको. भांड."

"तुमचा टोपीवाला..." मामाने बाहीने नाक पुसलं. "तुमच्या टोपीवाल्याला आजच्या टीममध्ये पाणी न्यायलासुद्धा ठेवलं नसतं."

"हां," बाबा म्हणाले आणि दाभण उचलला. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पुढे खोकल्याने त्यांचा आवाज बसला, पण वाद थांबला नाही. मामा खाटेशेजारी बसून आकडे फेकायचा आणि बाबा नुसतं बोट हलवून नाही म्हणायचे. मामाने तसूभरही माघार घेतली नाही. मात्र निघताना तो आमच्या पायरीवर बराच वेळ बसून राहायचा, मग उठायचा. उन्हाळा संपायच्या आधीच बाबा गेले.

मामा अजून येतो. परवा टीव्हीवर मॅच होती. मशीनने एकट्याने ती ओढून नेली आणि शेवटच्या ओव्हरमध्ये जिंकून दिली. सगळी गल्ली ओरडत होती. मामा बाबांच्या स्टुलाशेजारी बसला होता, हललासुद्धा नाही. एक बाजू शिवायची राहिलेली ती स्कूटरची सीट तशीच स्टुलावर होती.

"केलं बघ तुझ्या मशीनने," मी म्हटलं.

त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. "केलं. पण सांगू कुणाला?"

मला राहवलं नाही. मी बाबांच्या स्टुलावरची सीट मांडीवर घेऊन बसले आणि त्यांच्यासारखंच म्हणून पाहिलं, "त्यात काय मोठं? दोन्ही टोकांकडून चेंडू नवाच होता."

मामाने माझ्याकडे पाहिलं. आता उसळून भांडेल, असं मला वाटलं.

"हो गं," तो म्हणाला. "नवाच होता."