सिस्टरांची ओटी

सिस्टर परत गेल्याला आता वर्ष होत आलं. त्या त्यांच्या देशात, मिशनच्याच वृद्धाश्रमात राहतात. रविवारी व्हिडिओ कॉल येतो. मी इकडची आमटी सांगते, त्या तिकडचं सूप सांगतात. मागे खिडकीत बर्फ दिसतो. दहा मिनिटांत बोलणं संपतं आणि कात्रपच्या माझ्या वन रूम किचनमध्ये पुन्हा फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागतो. फार एकटं वाटतं. भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही.

भांडायचो आम्ही खूप. अंबरनाथच्या मिशनच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, मी मराठी. मी लागले तेव्हा त्या इथे मुरलेल्या होत्या. फिक्या रंगाची साडी, खांद्यावर चापून पिन लावलेला पदर आणि माझ्यापेक्षा खणखणीत ‘ळ’. त्या येशूच्या, मी कुणाचीच नाही. हा विषय आम्ही पहिल्याच वर्षी मिटवून टाकला.

शनिवारी शाळा लवकर सुटली की बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यावर त्या बायकापोरांना लिहायला-वाचायला शिकवायला जायच्या. सोबत मी, पिशव्या उचलायला. पहिल्याच दिवशी बायकांनी विचारलं होतं, “नवरा कुठं हाय तुमचा?” दोघींनाही नव्हता. सिस्टरांकडे देवाचं कारण होतं. माझ्याकडे काहीच नव्हतं. जमलं नाही, राहून गेलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांतीला हळदीकुंकू असतं. मला बोलावतात. कपाळाला कुंकू टेकवतात, हातावर तिळगूळ ठेवतात. पण ओटीचं ताट माझ्यापाशी आलं की जरा थबकतं आणि शेजारणीकडे वळतं. कुणी वाईट वागत नाही हो, रीत आहे. ओटी सवाष्णीची भरायची, माझ्यासारखीची नाही. इतक्या वर्षांत मी ती रीत अशी पाठ केली, की ताट वळायच्या आत मीच उठून पाणी प्यायला जाते.

सिस्टरांना वयामुळे परत बोलावल्याचं पत्र आलं, तेव्हा पाड्यावरच्या बायकांनी शेवटच्या शनिवारी निरोपाचा घाट घातला. एका म्हातारीच्या अंगणात सगळ्या जमल्या. या म्हातारीच्या तिन्ही मुली सिस्टरांच्या हाताखाली शिकून नोकरीला लागलेल्या. मध्ये पाट मांडला होता. शेजारी सुपात घरच्या शेतातले तांदूळ, वर नारळ, सुपारी, हिरवा खण. सिस्टर पाटावर बसल्या आणि कुणी न सांगता त्यांनी पदर पसरला.

म्हातारीने तांदळाची ओंजळ भरली आणि मी मध्ये पडले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

“अहो मावशी, ओटी सवाष्णीची भरतात. सिस्टरांचं लग्न झालेलं नाही. आणि त्यांच्या धर्मात हे चालायचं नाही.”

“लेक चालली ना दूर?” म्हातारी म्हणाली. “लेकीला रिकामी कशी धाडू?”

“रीत ती रीत,” मी म्हटलं. वर्गात म्हणते त्याच आवाजात. पाड्यावर मास्तरणीच्या शब्दाला मान असतो. ओंजळ सुपात परत गेली. नारळ तेवढा प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. सिस्टरांनी पदर गोळा केला आणि माझ्या हाताचा आधार घेऊन उठल्या.

रिक्षात मी बडबडत होते, त्यांना मोठ्या अवघड प्रसंगातून सोडवल्यासारखी. कात्रप जवळ आलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हातारीने मला मागच्या शनिवारीच विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.”

मी त्यांच्याकडे वळले.

“आज पदराला पिनसुद्धा लावली नाही. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ओट्या भरताना बघतेय. वाटलं, जाताना माझी भरतील. म्हणजे मी इथलीच होते, असं झालं असतं.” मग त्या म्हणाल्या, “तू मला विचारलं का नाहीस?”

मी म्हटलं, तुम्हाला संकोच वाटेल असं वाटलं. हे खोटं होतं. खरं कारण मला तिथेच, रिक्षात बसल्या बसल्या कळलं होतं. जे ताट मला ओलांडून जातं, ते त्यांच्यापाशी थांबलं, आणि ते मला बघवलं नाही. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. सकाळी उठून मी नारळ आणला, खण आणला, तांदूळ निवडून रुमालात बांधले. गाडीत सगळा वेळ ती पिशवी माझ्या मांडीवर होती. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या, मधूनच एखादी पाटी मोठ्याने वाचत होत्या. मी मनात घोळवत बसले: ओटी भरायचीही सवाष्णीनेच. जिची स्वतःची कुणी भरली नाही, तिच्या हातची चालते का? कुणाला विचारावं? शेजारणीला, म्हातारीला, एखाद्या गुरुजींना? एवढ्यात गाडी थांबली, सामान उतरलं, दारावरच्या शिपायाने पासपोर्ट बघितला. मला आत सोडत नव्हते, आणि पिशवी माझ्याच हातात राहिली होती.

काचेपलीकडे जाऊन सिस्टर वळल्या आणि त्यांनी हात हलवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विचारायचं त्यांनाच होतं, आणि त्या हो म्हणाल्या असत्या.