पापुद्र्याआडच्या गोगलगायी

सहा जिवंत गोगलगायी मी उकळत्या पाण्यात टाकल्या आणि आळ दुसऱ्यावर ढकलला.

सत्तरच्या दशकात मी जालन्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. आमच्या प्राध्यापकांना धावड्याच्या डोंगरात गोगलगायीची एक दुर्मिळ जात सापडली होती. पुन्हा शोधूनही तिथे एकही मिळेना, म्हणून त्या सहांपासून पिल्लं वाढवायची होती. प्रयोगशाळेतले वयस्कर शिपाई, आमचे मामा, त्यांना मडक्यात ओल्या पाल्यावर सांभाळायचे. उन्हाळ्यात गोगलगायींनी शंखाच्या तोंडावर पांढरा पापुद्रा धरला आणि हलणं बंद केलं.

"मामा, मेलेल्यांची काय सेवा करून राह्यलात?" मी पोरांसमोर हसलो.

"मेल्या न्हाईत सर, झोपल्यात. पाणी पडलं की उठतेत बराबर."

शिपायाने मला शिकवावं, हे झोंबलं. कपाटात मांडायचे शंख आम्ही उकळून, टाचणीने मांस ओढून साफ करायचो. मी तेच केलं. पापुद्रे फुटले, फेस आला, एकीने अंग बाहेर टाकलं. तरी मी भांडं उतरवलं नाही.

प्राध्यापकांना म्हणालो, "मामांनी उन्हात ठेवल्या, मेल्या." त्यांनी सगळ्यांदेखत मामांना अडाणी म्हटलं.

पावसाळाभर मामा दर रविवारी धावड्याला जाऊन दगड उलथत राहिले. शेवटी त्यांनी प्राध्यापकांना सांगितलं, "एकबी न्हाई सर." तेव्हा मी तिथेच म्हणालो, "मामा, त्या जिवंत होत्या. मी मारल्या आणि खोटं बोललो. मला माफ करा."