किटली आणि एकोणीस नंबरचा पाना

जुनी मोटार तिच्याच वयाच्या पान्याने खोलायची, असा जर्मनीतल्या रेमशाइड गावच्या वेंडेलिन मेकॅनिकचा सोवळा हट्ट. गॅरेजच्या भिंतीवर चौदा पान्यांच्या आकृत्या रंगवलेल्या; तेरा जागा भरलेल्या, एकोणीस नंबरच्या मापाची तेवढी रोज वाकुल्या दाखवायची.

शनिवारच्या जुन्या बाजारात तोच पाना रोसविताबाईंच्या पथारीवर दिसला. पण गडी मुरलेला. हवी ती वस्तू हवी म्हणायची नाही, हा तिथल्या शौकिनांचा धर्मच. त्याने शेजारची कॉफीची किटली उचलली.

"काय सुरेख नक्षी आहे हो, बाई. ही घेतो. तो गंजका पाना टाका वर, दाराला अडसर होईल."

बाई मेकॅनिकची विधवा. विणकामातून मान वर न करता म्हणाल्या, "या पान्याने माझ्या सहा किटल्या खपवल्या. तो किटलीबरोबर जात नाही. हवा असेल तर तोंडाने मागा."

"पाना हवाय," वेंडेलिन पुटपुटला.

"जरा मोठ्याने. मेकॅनिक खरं बोललेला ऐकून वर्षं झाली."

त्याने किटली खाली ठेवून अख्ख्या बाजाराला ऐकवलं, तेव्हा पाना हाती आला. तो वळतो न वळतो तोच बाईंनी पिशवीतून बावीस नंबरचा काढून किटलीशेजारी मांडला.