बेडकीची बॅग

बॅगवालीच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. जेवताना डावा हात टेबलावरच्या कापडाची सुटलेली किनार चाचपत असायचा. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तर निघेपर्यंत त्यांच्या उशीच्या खोळीचं लोंबणारं बटण तरी घट्ट करून यायची. "ही शांत बसलेली दिसली तर ताप बघा," असं तिचा नवरा येईल त्याला सांगायचा.

बाजाराच्या रस्त्यावर तिचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं, एवढंच. छतापासून बॅगा लोंबायच्या. चाकांचा डबा वेगळा, हँडलांचा वेगळा, आणि जुन्या चेनचे रनर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. उसवलेला कोपरा असो की अडकलेली चेन, संध्याकाळपर्यंत बॅग तयार. जगभर फिरून आलेल्या बॅगा तिच्या हाताखालून गेल्या, ती स्वतः मात्र कधी विमानात बसली नव्हती.

वडील धान्याच्या गोदामात पोती शिवायचे. त्यांच्याकडून तिला दोन गोष्टी मिळाल्या, एक दाभण आणि एक धाकटी बहीण. आई आधीच गेलेली, त्यामुळे दोन्ही जरा लवकरच हातात आल्या.

धाकटीला ती बेडकी म्हणायची. पोरीला पोहायला नेलं ते ती पाण्याबाहेर यायलाच तयार होईना, तेव्हापासूनचं हे नाव. मोठेपणी बेडकी समुद्रात उतरली. पाठीला हवेची टाकी बांधून तासभर तळाशी राहायला शिकली. आता तिला दुसऱ्यांना शिकवायची परीक्षा द्यायची होती. परीक्षा समुद्रापलीकडच्या एका बेटावर. टाकी तिकडे मिळणार, बाकी सामान ज्याचं त्याने आणायचं. आणि पास झाली की तिथेच नोकरी. हे शेवटचं बेडकीने आठवड्यापूर्वी भात वाढून घेता घेता सहज सांगितलं, आणि तेव्हापासून बॅगवालीला एका जागी बसवत नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी तिने दुकानातून एक कडक कवचाची भलीमोठी बॅग ओढत घरी आणली. गिऱ्हाईक दुरुस्तीला देऊन गेलं ते परत फिरकलंच नव्हतं.

"ही घे. वर हत्ती उभा राहिला तरी चेपणार नाही."

"ताई, हत्तीला तिकीट नाही मिळालेलं." बेडकीने बॅग उचलून बघितली आणि खाली ठेवली. "रिकामी आहे तरी माझा खांदा निखळतोय. सगळं वजन बॅगेनेच खाल्लं तर मी नेऊ काय? टॉवेल?"

शेवटी बेडकीची नेहमीचीच कापडी, चाकांची बॅग ठरली. तिच्यावर पाणबुड्याचं मोठं झळझळीत चित्र होतं.

"हे म्हणजे चोराला बोलावणं झालं. आत महागाचं सामान आहे, या." असं म्हणत बॅगवालीने चित्र उसवून टाकलं आणि त्या जागी नवऱ्याच्या जुन्या करड्या पँटचा तुकडा शिवला.

"माझी पँट विमानाने चालली," नवरा दारातून म्हणाला. "मी इथेच."

"भाऊजी, तुम्ही यायचं तर घडी घालून यावं लागेल."

मग सामान भरणं सुरू झालं. तळाशी पाण्यातला जाड रबरी सूट, गुंडाळून गादीसारखा. पायात घालायचे लांब पंखे दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे. काचेचा मुखवटा त्याच्या डब्यात, डबा मधोमध, वरून हवा भरायचं जाकीट. दोऱ्या कापायची सुरी याच बॅगेत, कारण ती हातात नेऊ देत नाहीत. बेडकीने ठेवलेली प्रत्येक वस्तू बॅगवाली पुन्हा उचलून बोटभर सरकवून ठेवत होती. टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र, सगळ्या नळ्यांचं गबाळं, ते मात्र बेडकीने तिच्या हातातून काढून घेतलं.

"हे माझ्या मांडीवर येणार."

"हातातल्या बॅगा पळवतात गं."

"पळवली तर मी मागे पळेन. विमानाच्या पोटात आपटली तर कुणाच्या मागे पळू? ताई, खाली मी ह्यातून श्वास घेते."

बॅगवालीने तेलाची कुपी उचलली. ती उगीचच चाकांना तेल घालायला लागली. तेल आधीच घातलेलं होतं.

बेडकी आंघोळीला गेली. नवरा गाडी पुसायला खाली गेला. घरात एकटी उरल्यावर बॅगवालीचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीत बेडकीचा पाण्यातला टॉर्च. विसरली! लहानपणी डबा विसरायची, कंपास विसरायची, आता हा. तिने टॉर्च मोज्यात गुंडाळला, बॅगेच्या आतल्या कप्प्यात घातला आणि हलू नये म्हणून कप्प्याचं तोंड शिवलं. मग चेन लावली आणि तिच्याकडे बघत बसली. साध्या बॉलपेनाच्या टोकाने चेन कशी फाकते आणि पुन्हा कशी जुळते, कुलूप जागच्या जागी राहून आतलं सामान कसं जातं, हे तिच्याइतकं कुणी बघितलं नव्हतं. रडत आलेली गिऱ्हाइकं आठवली. तिने कॅनव्हासची पट्टी घेतली, चेनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दाभण चालवायला घेतलं. हाताला काम मिळालं तशी ती जरा सैलावली.

"बॅग भरलीस की पोतं?" नवरा वर आल्यावर म्हणाला. बेडकीने केस पुसत बॅग पाहिली, कपाळाला हात लावला आणि हसली. तेवढ्यात उशीर झाला, चला चला, म्हणून सगळेच जिना उतरले.

विमानतळावर तिकीट नसलेल्यांना काचेच्या दारापाशीच थांबवतात. बेडकी आत गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती, रांग दिसत होती, करडी पँट दिसत होती. बॅगवाली पर्सचा पट्टा पिळत उभी राहिली. मग बेडकी काउंटरपाशी खाली वाकलेली दिसली, आणि फोन वाजला.

"ताई, खिडकीतला टॉर्च कुठाय?"

"घातला की! विसरून चालली होतीस."

"कुठे घातलास?"

"मोठ्या बॅगेत. वरून शिवलाय, जरासुद्धा हलायचा नाही."

"ताई, त्याची बॅटरी काढून मी हातातल्या बॅगेत घेणार होते. म्हणून बाहेर ठेवला होता. तसली बॅटरी पोटात घेत नाहीत, पेटू शकते. काउंटरवरच्या बाई विचारतायत, मी खोटं कसं सांगू? त्या म्हणतात, उघडा नाहीतर बॅग इथेच राहील."

"मग उघड. कापून टाक. सुरी आहे ना तुझ्याकडे?"

"सुरी बॅगेत आहे, ताई."

फोनला कान लावून उभा असलेला नवरा फिस्सकन हसला आणि बायकोचं तोंड बघून गप्प झाला.

"कुणाकडे कात्री?"

"इथे कात्री कोण बाळगतं? किल्लीने घासलं, तुझा दोरा तुटत नाही. काउंटर बंद व्हायला आलंय गं."

बॅगवालीला कात्रीची गरज नव्हती. सवयीने तिने वडिलांचा पोत्यावरचा साखळी टाका घातला होता. त्याचं शेवटचं टोक सापडलं की हमाल एका हिसक्यात अख्खं पोतं मोकळं करायचे. टोक सापडलं नाही तर ओढून ओढून तो आणखी आवळत जायचा. आणि टोक तिने स्वतः दडवलं होतं, चोराला सापडू नये असं.

आठवत नाही. एवढे दोन शब्द म्हटले की पुरे. बॅग इथे राहील, सामानाशिवाय परीक्षा नाही. बेडकी याच दारातून बाहेर येईल, दोन दिवस रडेल, फुगून बसेल, मग एका संध्याकाळी दुकानात येऊन रनरची बरणी खाली ओतून चाळा करत बसेल. नेहमीसारखी. कुणाला कळायचंही नाही. बॅगवालीचे हात पर्सवर थांबले. सकाळपासून पहिल्यांदाच थांबले.

"ताई? आहेस ना?"

नवऱ्याने तिच्या हातांकडे पाहिलं. "काय गं, ताप आला का?"

"हँडलखाली बघ," ती फोनमध्ये म्हणाली. "पट्टी दुमडली आहे तिथे. उलटी कर. बारीकशी गाठ लागेल."

"लागली."

"दाताने तोड."

"सगळे बघतायत!"

"बघू देत. पाण्याखाली एवढ्या माशांसमोर लाजतेस का? तोड."

थू करून थुंकल्याचा आवाज आला. "तुटली."

"आता चाकाकडून नको, हँडलकडूनच ओढ. एकच दोरा. ओढ, घाबरू नकोस."

फोनमधून टर्रर्र असा लांबलचक आवाज आला, गोदामात यायचा तस्सा. पाठोपाठ बेडकीची किंकाळी, "अगं, सगळं एका दमात आलं!" आणि कुणा बाईचं मोठ्याने हसणं.

"आतला कप्पाही तसाच. टोक डाव्या कोपऱ्यात."

बॅटरी निघाली, टॉर्च परत आत गेला.

"बाई प्लास्टिकची पट्टी लावून देतायत चेनला," बेडकी म्हणाली.

"प्लास्टिकची? अगं ती तर नुसती पिळली तरी—"

"ताई."

"बरं. लाव."

करडी पँट पट्ट्यावरून सरकत गेली आणि रबरी पडद्याआड दिसेनाशी झाली. बॅगवालीला ती बॅग आत्ताच कुणीतरी उघडल्यासारखी वाटत होती, आणि उद्या बेडकीचा फोन येईपर्यंत वाटत राहणार होती.

बेडकी धावत काचेपाशी आली. धाप लागलेली, हनुवटीला दोऱ्याचं मेण. तिने मूठ उंच केली. मुठीतून अख्खा दोरा लोंबत होता, कुठेही न तुटलेला, वळ्यावळ्यांचा. गळाला मासा लागल्यासारखी ती तो नाचवून दाखवत होती.

बॅगवालीने काचेवर टकटक केली. एका बोटाभोवती दुसरं बोट फिरवून खूण केली, गुंडाळ, नीट गुंडाळून ठेव. बेडकीने काय म्हणून मान उडवली.

"येताना लागेल!" बॅगवाली ओरडली. काचेतून काही ऐकू जात नव्हतं, तरी तिने पुन्हा तेच ओरडून सांगितलं. बेडकी दोरा बोटांवर गुंडाळायला लागली, तोही उलटा, आणि बॅगवाली काचेच्या अलीकडून हात हलवून तिला सुलटा कसा ते दाखवत राहिली.