साल नसलेलं लाकूड

तुमच्या स्वतःच्या बांधावरच्या कोणत्या झाडाचा धूर अन्नाला चालतो आणि कोणत्याचा चालत नाही, हे तुम्हाला सांगता येईल का? मला येत नव्हतं. मी सतरा वर्षांचा होतो, शर्टाच्या आत पत्रकं बाळगत होतो आणि शेजारच्या चार गावांना स्वातंत्र्य समजावून सांगत होतो.

त्या आषाढात आमचा बैल मेला. त्याच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापल्या. आमच्याकडे त्यांना चान्या म्हणतात. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी मुरडावं, आमचा पावसाळा चान्यांवर निघायचा. शिवाय बहीण बाळंत होऊन घरी होती. तिला दूध येत नव्हतं. अंगाला काही लागेल तर त्या चान्याच, असं आई म्हणत होती.

ऊन नव्हतं, म्हणून चान्या धुरावर वाळवायच्या ठरल्या. आत्याचे गुडघे धरले होते. तिनं मला बसल्या जागेवरून सांगितलं की बाभूळ आण, बोर आण, खैर मिळाला तर उत्तमच. पण धुराचं लाकूड सालीसकट आणायचं. मी हो म्हटलं. बाभळीवर काटे होते आणि मला दुपारी पारनेरला पत्रकं पोचवायची होती. आमच्या रानाच्या कडेला ओढ्यानं सरळ, कोरड्या, सोललेल्या काठ्या आणून टाकल्या होत्या. लाकूड ते लाकूड. मी भारा बांधला, चुलीपाशी टाकला आणि निघून गेलो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा चूल विझवलेली होती. आईचे डोळे धुरानं सुजले होते. आत्या हातात एक काठी धरून बसली होती.

"ही कुटून आणलीस?"

"वढ्यातून."

"साल कुटं हाय?"

"वाहून गेली असंल."

तिनं काठीची बेचकी माझ्यापुढं धरली. तिथं बोटभर करडी साल उरली होती. "कन्हेर हाय ही. हिचा धूरबी इखारी. पत्रकात न्हाई का रे लिवलेलं?"

सगळ्या चान्या खड्ड्यात पुरल्या. कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड मी ठेवले. बहिणीनं दारातून पाहिलं आणि मला तशीही भूक न्हाई, असं म्हणून ती आत गेली.

बाळ श्रावणात गेलं. चान्या असत्या तर ते जगलं असतं की नाही, मला माहीत नाही. मला कोणी बोललं नाही. मीही रडलो नाही. दुसऱ्या दिवशी बाभळीचा भारा आणला, सालीसकट. काटे लागले ते कळले नाहीत.

तुमच्या घरात झाडं ओळखणारं एक तरी माणूस असेल. त्याला चालवत नसेल तर पाठीवर घ्या, पण या आठवड्यात बांधावर न्या आणि एकेका सालीवर हात ठेवून नाव विचारा.